बालगृहाबाहेरचे आयुष्य आणि सामूहिक चित्रकथा : प्रस्तावना

बालगृहात वाढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते बालक उरत नाही आणि बालकांसाठी राखलेल्या जागेत राहण्याचा त्याचा हक्क संपतो. घरात वाढलेल्यांना या वाढदिवसाने मतदानाचा हक्क आणि वाहन परवाना मिळतो. संस्थेत वाढलेल्यांचा त्याच दिवशी पत्ता बदलतो. अशा तरुणांच्या अनुभवांवर, त्यांनाच सोबत घेऊन रचलेल्या चित्रकथा हा येथील विषय आहे. या कामात चित्रकार, सामाजिक कार्यकर्ते आणि संस्थेतून बाहेर पडलेले तरुण एकत्र बसून गोष्ट निवडतात, चौकटी आखतात, संवाद लिहितात आणि तयार झालेली चित्रकथा कोणापुढे ठेवायची हेही मिळून ठरवतात. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

महाराष्ट्राला संस्थात्मक संगोपनाची जुनी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि तिथे जन्मलेल्या यशवंतला पुढे दत्तक घेतले. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ सालचा. मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासून काम करते आहे. या साऱ्या प्रयत्नांमागे एकच तातडी होती : रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर, इस्पितळात टाकून दिलेले मूल आधी जगले पाहिजे. त्यामुळे मुलाला आत कसे घ्यायचे यावर पिढ्यान्पिढ्या विचार झाला. बाहेर कसे पाठवायचे याचे उत्तर मात्र बराच काळ ठरलेले होते. मुलीचे लग्न लावून द्यायचे आणि मुलाला कुठेतरी कामाला चिकटवायचे. सिंधुताई सपकाळ यांच्यासारख्या व्यक्तींनी मुले मोठी झाल्यावरही नाते तोडले नाही. पण ती त्यांची स्वतःची माया होती, सर्वांना हक्काने मागता येईल अशी व्यवस्था ती नव्हती.

कायद्यात ही व्यवस्था उशिरा आणि अर्धवट आली. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मध्ये अठरा ते एकवीस वर्षांच्या, संस्था सोडलेल्या व्यक्तींना आर्थिक किंवा अन्य स्वरूपाचे साहाय्य देण्याची संकल्पना आहे. महाराष्ट्रात तिला अनुरक्षण म्हणतात आणि त्यासाठीच्या निवासांना अनुरक्षणगृहे. अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येते. मात्र अधिनियमाच्या कलम ४६ ची भाषा 'साहाय्य देता येईल' अशी आहे, 'दिलेच पाहिजे' अशी नाही, आणि या एका क्रियापदावर अनेकांचे भवितव्य लोंबकळते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवरची जागा आणि दोन वेळची खानावळ यांतच ही रक्कम संपते. शिक्षण, प्रवास, औषधपाणी पुढेच राहते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्याचे मोल मोठे आहे. परंतु ते मिळवायला अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि संस्थेत वाढलेली सगळीच मुले त्या व्याख्येत बसत नाहीत. अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात, पण सांभाळू शकत नाहीत. दिव्यांग मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचे गृह चालवणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले आहेत : या मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभर राहू द्या.

संस्था सोडताना नेमके काय होते, हे बाहेरच्याला सहज कळत नाही, कारण अडचणी एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. बालगृहात घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, रांगेत अंघोळ असा दिनक्रम असतो. भाजी कोण आणते, गॅस सिलिंडर कसा लावतात, विजेचे बिल कुठे भरतात याच्याशी मुलांचा संबंध येत नाही. पैसा हाताळण्याची सवय नसते. मग एकाच महिन्यात सगळे अंगावर येते. घरमालक पालकांचा पत्ता विचारतो. भाडेकरूची पोलीस पडताळणी करायची तर मूळ गावाचा रकाना रिकामा राहतो. बँकेत नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लिहायचे हे कळत नाही. महाविद्यालयाच्या अर्जात मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव. ते नसेल तर कारकून मान वर करून पाहतो आणि मागच्या रांगेतलेही पाहू लागतात. सेतू केंद्रावर उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, तेव्हा कोणाचे उत्पन्न, हा प्रश्न उभा राहतो. सणाच्या सुटीत वसतिगृह रिकामे होते आणि जायला जागा नसते. उदयन केअर या संस्थेने महाराष्ट्रासह पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात अनुरक्षणाची आठ क्षेत्रे मांडली आहेत : निवारा, शिक्षण, उपजीविका, स्वतंत्र जगण्याची कौशल्ये, ओळख व कायद्याचे भान, शारीरिक आरोग्य, मानसिक स्वास्थ्य आणि सामाजिक आधार. प्रत्यक्ष आयुष्यात ही क्षेत्रे वेगवेगळी राहत नाहीत. घरमालकाने नकार दिला की नोकरी जाते, नोकरी गेली की शिक्षण थांबते, आणि हे कोणाला सांगावे असा माणूस नसल्याने मन खचते.

या तरुणांच्या आयुष्याबद्दल लिखाण कमी नाही, उलट भरपूर आहे. बालगृहातल्या प्रत्येक प्रवेशिताची नस्ती असते. तिच्यात सामाजिक तपासणी अहवाल असतो, बाल कल्याण समितीचे आदेश असतात, प्रगतीच्या नोंदी असतात. वैयक्तिक काळजी योजनेच्या नमुन्यात संस्था सोडण्यापूर्वीचा आणि सोडल्यानंतरचा अहवाल लिहायलाही जागा ठेवलेली आहे. हे सगळे दुसऱ्यांनी, अधिकाराच्या भाषेत लिहिलेले असते आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला बहुधा वाचायला मिळत नाही. इंग्लंडमधले कवी लेम सिसे यांचे बालपण पालक-कुटुंबात आणि पुढे बालगृहांत गेले. त्यांनी स्वतःची नस्ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'माय नेम इज व्हाय' या आत्मकथनात त्या नस्तीतली पाने जशीच्या तशी छापून शेजारी आपले म्हणणे मांडले. सामूहिक चित्रकथेची गरज याच ठिकाणी जाणवते. नस्तीत मुलाचा उल्लेख तृतीयपुरुषी असतो. फुग्यातला संवाद लिहिताना त्याला 'मी' म्हणावे लागते.

कॉमिक्सचे आणि अनाथपणाचे नाते मात्र नवे नाही. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला, त्या कथेच्या पहिल्याच पानावर दूरच्या ग्रहावरून आलेले बाळ एका वाटसरूला सापडते आणि तो त्याला अनाथालयात पोहोचवतो. पुढच्या वर्षी आलेल्या बॅटमनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. १९६२ चा स्पायडरमॅन काका-काकूंकडे वाढलेला. लेम सिसे यांनी २०१४ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग म्युझियमच्या भिंतीवर कथा-कादंबऱ्या, चित्रपट आणि कॉमिक्समधील अशा निराधार, दत्तक आणि संस्थेत वाढलेल्या पात्रांची लांबलचक यादी रंगवली. हे संग्रहालय १७३९ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी स्थापन झालेल्या आश्रयगृहाची कहाणी सांगते. तिथेच २०२२ मध्ये कॉमिक्समधील अनाथ नायकांवर प्रदर्शनही भरले. ही यादी संस्थेतल्या मुलांना बळ देते, यात शंका नाही. पण अतिमानवी नायकाची गोष्ट एका बाबतीत दिशाभूल करते. त्याच्या दुःखाची भरपाई शक्तीने होते. बालगृह सोडणाऱ्याच्या हाती शक्ती येत नाही. कागदपत्रांची पिशवी येते, आणि तीही अनेकदा अपुरी. याउलट जपानी चित्रकार ताइयो मात्सुमोतो यांच्या 'सनी' (२०१० ते २०१५) या मांगा मालिकेत कोणताही चमत्कार नाही. आवारात पडलेली एक बंद मोटार, तिच्यात बसून दूरच्या प्रवासाला निघालेली मुले, क्वचित भेटायला येणारी आई, एवढ्यावर ती उभी आहे. मात्सुमोतो यांनी स्वतः लहानपणाचा काही काळ अशा गृहात काढला होता. खेळत्या मुलाच्या पाठीमागे रिकामी ठेवलेली जागा जे सांगते, ते बाहेरून आलेल्या लेखकाला सुचणे अवघड आहे.

मराठी वाचकाला चौकटींची ओळख 'चिंटू'ने घरोघरी करून दिली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागली. तिच्या जगात आई, पप्पा, शेजारी, सवंगडी असे सगळे भरलेले आहे. संस्थेत वाढलेल्या तरुणाने स्वतःबद्दल चार चौकटी काढायच्या ठरवल्या तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न हाच येतो की आई-पप्पांच्या जागी कोण. अधीक्षक सर, स्वयंपाकाच्या मावशी, खोलीतली तेरा-चौदा पोरे, की कोणीच नाही?

सर्वसामान्य माणसाने स्वतः चित्रकथा काढण्याची एक पद्धत भारतात व्यंगचित्रकार शरद शर्मा आणि त्यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने घडवली. फिनलंडचे लेइफ पाकालेन यांनी आफ्रिकेत असे काम सुरू केले होते; दोघांनी मिळून या पद्धतीवर २००७ मध्ये पुस्तकही लिहिले. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने काढायचे आणि झेरॉक्स काढून गावात, बसथांब्यावर, कार्यालयाबाहेर चिकटवायचे. पहिल्या चौकटीत परिस्थिती, मधल्या दोन चौकटींत पेच, शेवटच्या चौकटीत वळण. चित्रकला येण्याची अट नाही. काड्यांची माणसे चालतात. फक्त संवादाचे फुगे आधी लिहायचे आणि मग चित्र काढायचे, नाहीतर अक्षरांना जागा उरत नाही. कच्चा आराखडा इतरांना न बोलता वाचायला द्यायचा, आणि त्यांना गोष्ट कळली नाही तर दोष वाचणाऱ्याचा धरायचा नाही, चौकट बदलायची.

संस्था सोडणाऱ्यांच्या अनुभवाला हा आकार विलक्षण जुळतो. त्यांच्या आयुष्यातला बदल हळूहळू होत नाही. तारीख येते आणि एका बाजूला एक जग संपते, दुसऱ्या बाजूला दुसरे सुरू होते. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये कोरी पट्टी असते आणि तिथे काय घडले ते वाचकाला स्वतः भरून काढावे लागते. पहिल्या चौकटीत वीस खाटांची खोली, दुसरीत एक खाट, एवढे काढले तरी मधल्या पट्टीत निरोप, प्रवास आणि पहिली रात्र येऊन बसते. भाषणात किंवा अहवालात हे सांगायला परिच्छेद लागतो आणि तो वाचून कोणी थांबत नाही. शिवाय चारच चौकटी असल्याने निवड करावी लागते. आपल्या अनुभवातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे स्वतः ठरवणे ही या तरुणांसाठी लहान बाब नाही, कारण तोवर ती निवड नेहमी दुसऱ्यांनी केलेली असते.

म्हणूनच कार्यशाळेची सुरुवात 'तू संस्थेत कसा आलास' या प्रश्नाने करू नये. हा प्रश्न त्यांनी समितीपुढे, समुपदेशकापुढे, देणगीदारांपुढे असंख्य वेळा झेललेला असतो. प्रत्येक वेळी तीच जखम दाखवायची आणि त्या बदल्यात सहानुभूती घ्यायची, याची त्यांना सवय लावली गेलेली असते. सुरुवात वर्तमानातून व्हावी : पहिला पगार, पहिले भाडे, पहिल्यांदा एकट्याने गाठलेला डॉक्टर, मित्राच्या लग्नात 'तुझ्या घरी कोण कोण असतं' असे विचारणारी त्याची आत्या. भूतकाळ सांगायचा असेल तर तो आपणहून येतो, आणि यायचा नसेल तर त्याला न बोलावणे हेच योग्य. समुपदेशकाने कार्यशाळेच्या खोलीतच हजर असावे, दूरध्वनीवर नव्हे.

सहभागाचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गैरसमज होतात. काही ठिकाणी तरुण स्वतः काढतात आणि प्रशिक्षक फक्त तंत्र शिकवतो. काही ठिकाणी तरुण सांगतो आणि व्यावसायिक चित्रकार काढतो. लंडनच्या सोआस विद्यापीठात २०१२ साली सुरू झालेल्या पॉझिटिव्ह निगेटिव्ह्ज या उपक्रमाने स्थलांतरितांच्या कहाण्या याच मार्गाने मांडल्या. तिसऱ्या प्रकारात अनेकांचे अनुभव एकत्र करून एक काल्पनिक पात्र घडवले जाते. कोणताही प्रकार घेतला तरी खरी कसोटी एकच आहे : सहभागी तरुणाच्या म्हणण्याने कामाचा आकार बदलला का? याचे उत्तम उदाहरण 'भीमायन' (२०११) या पुस्तकात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरील या चित्रकथेसाठी परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चित्रे काढली. माणसांना चौकोनात कोंडणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून चौकटींऐवजी घराच्या भिंतींवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या ओळींनी पाने विभागली. सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे झाले आणि विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी आली. चित्रकारांचे ऐकल्यामुळे पुस्तकाची भाषाच वेगळी झाली. बालगृहातून आलेल्या तरुणांनी सुचवलेली अशी एखादी खूण, मग ती खाटेवर रंगवलेला क्रमांक असो वा सर्वांना एकाच कापडाचा शर्ट, व्यावसायिक चित्रकाराने सुबकपणासाठी पुसून टाकली तर त्या कामाला सामूहिक म्हणणे खोटे ठरते.

ओळख लपवण्याच्या बाबतीत चित्रकथेला छायाचित्राहून मोठा फायदा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार बालकाचे नाव, पत्ता, शाळा, चित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अठरा ओलांडलेली व्यक्ती स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलू शकते. पण तिच्या गोष्टीत येणारी खोलीतली धाकटी मुले अजून बालकच असतात आणि त्यांच्या वतीने तिला संमती देता येत नाही. त्यामुळे चेहरे, गावे, संस्थेच्या फाटकावरचा फलक, गणवेशाची विशिष्ट पट्टी हे सगळे बदलावे लागते. अनुभव खरा राहतो, खुणा बदलतात. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेल्या वृत्तपत्री छायाचित्रापेक्षा हा मार्ग कितीतरी सन्मानाचा आहे. त्या पट्टीमुळे मूल गुन्हेगारासारखे दिसते. काढलेल्या पात्राला डोळे असतात.

आता वाचक कोण, हा प्रश्न. अशा चित्रकथा बहुतेकदा निधी देणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत किंवा वातानुकूलित सभागृहातल्या प्रदर्शनात जातात. तिथे येणाऱ्यांचे मन आधीच वळलेले असते. ज्यांच्या एका निर्णयाने या तरुणांचे आयुष्य अडते ते वाचक वेगळे आहेत : खोली भाड्याने देणारे काका, सोसायटीचे सचिव, बँकेच्या खिडकीवरचा कर्मचारी, सेतू केंद्रातला चालक, प्रवेश विभागातला कारकून, तालुक्याच्या ठिकाणचा छोटा कारखानदार. त्यांच्यासाठी करुणेची गोष्ट उपयोगाची नाही, कारण करुणा वाटूनही ते 'पण नियम आहे ना' असे म्हणू शकतात. त्यांच्यापुढे नेमका प्रसंग आणि नेमका मार्ग ठेवावा लागतो. पालकांचा पत्ता नसलेल्या भाडेकरूकडून कोणते कागद घेता येतात, संस्थेचे पत्र किंवा अनाथ प्रमाणपत्र दिसते कसे, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचे कार्यालय कुठे असते, हे शेवटच्या चौकटीत आले तर चित्रकथा भिंतीवरून थेट कामाला येते. दुसरा तितकाच महत्त्वाचा वाचक म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा, अजून आत असलेला प्रवेशित. त्याच्यासाठी ही चित्रकथा म्हणजे पुढे गेलेल्या दादा-ताईने पाठवलेली माहिती असते, आणि ती कोणत्याही मार्गदर्शन शिबिरापेक्षा विश्वासाची असते.

शेवटच्या चौकटीचा मोह मोठा असतो. प्रायोजकाला यशोगाथा हवी असते : मुलगी परिचारिका झाली, मुलगा अधिकारी झाला. असे यश खरेच मिळवणारे आहेत आणि त्यांची गोष्ट जरूर यावी. पण प्रत्येक गोष्ट तशीच संपवायला लावली तर अजून धडपडणाऱ्याला आपण कमी पडलो असे वाटू लागते. भाड्याची खोली मिळाली नाही आणि मित्राच्या खोलीत तात्पुरते राहावे लागते आहे, एवढ्यावर थांबलेली चित्रकथाही पूर्ण असते. तिच्यातला अपुरेपणा तिला काढणाऱ्याचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तो तसाच छापला गेला पाहिजे.

मालकीचा मुद्दा सुरुवातीलाच लिहून घ्यावा. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये संयुक्त लेखकत्वाला मान्यता आहे, आणि गोष्ट, संवाद व चित्र यांची वीण वेगळी करता येत नसेल तर सर्वांचे नाव लेखक म्हणून यायला हवे. ज्याला नाव नको असेल त्याने निवडलेले टोपणनाव छापावे. चित्रकाराला मानधन आणि गोष्ट सांगणाऱ्याला फक्त प्रमाणपत्र व जेवण, हा भेद अनेक उपक्रमांत सहज मानला जातो. तो मान्य करण्यासारखा नाही. रोजंदारी बुडवून कार्यशाळेला आलेल्या तरुणाला त्या दिवसांचा मोबदला मिळाला पाहिजे. पुनर्मुद्रण, भाषांतर, समाजमाध्यमांवरील वापर यांसाठी प्रत्येक वेळी पुन्हा विचारावे, कारण विसाव्या वर्षी दिलेली परवानगी लग्न झाल्यावर किंवा नोकरी बदलल्यावर नकोशी होऊ शकते. कागदावरच्या चित्रकथेच्या प्रती भिंतीवरून उतरवता येतात. महाजालावर गेलेली प्रत परत घेता येत नाही, हे संमती घेण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगणे आयोजकांचे कर्तव्य आहे. मूळ चित्रे ज्यांनी काढली त्यांच्याकडेच राहावीत आणि संस्थेने छायाप्रती ठेवाव्यात.